यशोधरेचं वेगळं ताट

"हे बघा बाई, हे नववं," असं म्हणून गजराबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत एका निरपराध वांग्याला कचकन सुई टोचली.

टोचून तशीच धरली, ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं, सुई काढली आणि टोचलेल्या जागी अंगठ्यानं चोळलं. वांगं रडलं नाही, एवढाच काय तो फरक.

"अहो गजराबाई, दुपारच्या भाजीची वांगी ना ती?"

"मग? पाणीच हाय की सुईत. वांग्याला काय पाणी बाधतंय?"

मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वांगं ताटात ठेवलं आणि दहावं उचललं. सोळा वर्षं झाली या गोष्टीला, पण ते हसणं आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

मी तेव्हा करंजओढ्याच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. मुख्याध्यापिका म्हणजे दोन शिक्षकी शाळेतली थोरली बाई, दुसरं काही नाही. धाकटे सर वर्षातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले असत. वर्ग चार, मुलं चाळीस आणि दुपारचा पोषण आहार शिजवायला गजराबाई जगदाळे. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, तोंडानं फटकळ. शाळेत तीनच वर्षं गेलेल्या, म्हणून अक्षर कधीच विसरलेल्या. पण चाळीस पोरांपैकी कोण कधी उपाशी आलंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, आणि मला मात्र हजेरीपटावरूनही कळत नसे.

त्या वर्षी जूनमध्ये यशोधरा कांबळे आमच्या दुसरीच्या वर्गात आली. तिची आई करुणा नर्स होती. आठ किलोमीटरवरच्या मोठ्या गावात सरकारी दवाखाना आहे, तिथं तिची पुण्याहून बदली झाली आणि ती मुलीला घेऊन सासऱ्यांकडं राहायला आली. नवरा पुण्यातच कंपनीत, शनिवार-रविवारी येऊन जाऊन. नाव घालायला आली तेव्हा दाखल्याआधी करुणानं टेबलावर एक पत्र्याचा छोटा डबा ठेवला.

"बाई, हिला भुईमुगाचे दाणे चालत नाहीत."

"मुलांचं असंच असतं हो. आमच्या पुतण्याला भेंडी—"

"आवडीनिवडीचं नाही बाई. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी हिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आतून बंद होतो. एकदा झालंय. दहा मिनिटांत इंजेक्शन मिळालं म्हणून ही आज तुमच्यासमोर उभी आहे."

मी यशोधरेकडं पाहिलं. ती माझ्या खिडकीतल्या पृथ्वीच्या गोलाला बोटानं गिरक्या देत होती.

आता आमच्या गावात दाणा म्हणजे काय, हे तिकडच्या माणसालाच कळेल. आमटीत दाण्याचं कूट, भाजीत कूट, भाकरीवर दाण्याची चटणी, उपासाला दाण्याची आमटी, उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर आधी गूळ-दाणे. सुगीत भुईमूग निघाला की ज्याचं शेत आधी निघेल त्यानं पहिलं पोतं शाळेच्या स्वयंपाकघरात आणून टाकायचं, ही तर गावाची जुनी रीत. अशा गावात दाण्यापासून पोरगी वाचवायची म्हणजे नदीत राहून अंग कोरडं ठेवायचं.

करुणानंच तोडगा काढला. यशोधरेचं जेवण वेगळ्या छोट्या पातेल्यात करायचं. तिचं ताट वेगळं, पळी वेगळी, बसायची जागा पंगतीपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला. डब्यात औषधाच्या दोन कुप्या आणि सुया होत्या. कुठवर औषध भरायचं तिथं तिनं सुईच्या नळीवर लाल नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवली होती. मांडीच्या बाहेरच्या अंगाला कसं टोचायचं, किती वेळ धरायचं, आणि टोचल्यावर एक क्षणही न दवडता दवाखाना कसा गाठायचा, हे तिनं मला शिकवलं. गजराबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

जाताना करुणा घुटमळली. "आणि बाई, हे वेगळ्या ताटाचं आमच्या आबांना सांगू नका. दाण्याचं त्यांना माहीत आहे. पण वेगळं ताट म्हटलं की त्यांना..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. कांबळ्यांच्या घरात वेगळ्या ताटाचा अर्थ काय होतो हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी नुसती मान हलवली.

डबा मी कपाटात ठेवायला निघाले, तोच गजराबाई आडव्या आल्या.

"कपाटाला कुलूप असतंय बाई, आन् किल्ली तुमच्या पर्सीत. तुमी गेला मीटिंगला, मग?"

"मग कुठं ठेवू?"

"माज्या खुंटीवर. मिठाच्या बरणीशेजारी. तिला कुलूप न्हाई."

डबा खुंटीवर गेला. दुसऱ्या दिवसापासून गजराबाईंनी वांगी टोचायला सुरुवात केली. करुणाकडून कोऱ्या सुया आणि पाणी भरायला रिकाम्या कुप्याही मागून आणल्या. मी म्हटलं, अहो, मला येतं ना. तर म्हणाल्या, "तुमाला येतंय, पन तुमी रोज करत न्हाई. भाकरी यायची आन् भाकरी करायची, दोन येगळ्या गोष्टी हायत्या."

त्यांचं सोवळं तर बघण्यासारखं होतं. सकाळी आल्या की आधी हात कोपरापर्यंत धुवायच्या, मग कुटाच्या डब्याला हातही न लावता यशोधरेचं छोटं पातेलं रांधून झाकून ठेवायचं. नंतर मोठं पातेलं, नंतर कूट. वाढताना यशोधरेच्या ताटात वाढायची पळी त्या हातभर उंच धरायच्या. आपल्या पदराला, बांगडीला कुठं कूट लागलं असेल तर ते तिच्या ताटाला लागायला नको, म्हणून. आमटीची धार वरून नेमकी ताटातल्या भातावर पडायची, थेंब इकडचा तिकडं नाही. मी मनातल्या मनात त्यांच्या हाताला दाद द्यायची. यशोधरा मात्र व्हरांड्याच्या टोकाला बसून मुकाट जेवायची.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, सहामाही झाली. एकही दिवस चूक झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी भिवाआबा शाळेत आले. यशोधरेचे आजोबा. एस.टी.त मेकॅनिक होते, निवृत्त झालेले. कपडे स्वच्छ, बोलणं मोजकं. नात गणिताची वही घरी विसरली होती, ती द्यायला आले होते. मुलं पंगतीला बसलेली होती. आबा व्हरांड्याच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

एकोणचाळीस मुलं समोरासमोर दोन रांगांत. आणि पार टोकाला, एकटी, वेगळ्या ताटावर त्यांची नात. तिच्यासमोर वाकलेल्या गजराबाई, हातातली पळी हातभर वर, आणि वरून पडणारी आमटीची धार.

मी लगबगीनं पुढं झाले. "या आबा, बसा ना—"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते पळीकडं पाहत होते. गजराबाईंनी मान वर केली आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. आबा चालत गेले, नातीचा हात धरला, तिला ताटावरून उठवलं.

"आबा, माझं जेवण—"

"घरी जेव."

"आबा, ऐकून तर घ्या," मी म्हटलं. "हे तिच्या दाण्यासाठी आहे. करुणाताईंनीच सांगितलंय. दुसरं तिसरं काही नाही."

"बाई, प्रत्येक खेपेला काईतरी कारन असतंयच," आबा अगदी शांतपणे म्हणाले. "आमच्या येळंलाबी हुतं. पोरगी रांगंत बसंल, सगळ्यांच्या पातेल्यातलं जेवंल. न्हाईतर शाळंत येनार न्हाई. आन् मग मी कुटं जायाचं तितं जाईन."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी घाबरले. खरं सांगते, पोरीच्या जिवाला नाही घाबरले, माझ्या नावाला घाबरले. मुख्याध्यापिका खटावकर बाई शाळेत शिवाशिव पाळतात, असं कुणी म्हणालं तर? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. करुणा तेव्हा दोन दिवस दवाखान्यातच ड्यूटीला होती; तिला फोन करून विचारावं, एवढं साधंसुद्धा मला सुचलं नाही.

सकाळी मी गजराबाईंना सांगितलं, "आजपासून एकच पातेलं. कूट अजिबात घालायचं नाही. यशोधरा रांगेत बसेल."

"बेस हाय," त्या म्हणाल्या. "मलाबी त्येच वाटत हुतं. पन पोरांच्या डब्याचं काय?"

आमची मुलं शाळेतल्या भाताबरोबर घरून भाकरीचा तुकडा आणत, तोंडी लावणं आणत. ती सवयच होती.

"डब्याचं बघू नंतर," मी म्हटलं.

"नंतर न्हाई बाई, आदी—"

"गजराबाई, मला आधीच डोक्याला ताप आहे. तुम्ही भात बघा."

आणि प्रार्थनेनंतर मी भाषण ठोकलं. चांगलं रंगलं भाषण. आपण सगळे सारखे, सगळे भावंडं, इथं कुणी वेगळं नाही. भरात येऊन पुढं म्हणाले, "आज आपली यशोधरा आपल्या पंगतीला बसणार आहे. सगळ्यांनी तिला आपल्या डब्यातला घास द्यायचा, तिच्या ताटातला घ्यायचा. एकमेकांचा घास नाकारायचा नाही!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबा फाटकाशी उभे राहून ऐकत होते. ऐकून ते समाधानानं घरी गेले. मला वाटलं, सुटले.

बुद्धी गहाण पडते म्हणजे काय, ते हे. शिवाशिवीवर जे औषध, तेच त्या पोरीला विष होतं, आणि मी ते चाळीस मुलांच्या हातात देऊन मोकळी झाले होते.

दुपारी यशोधरा रांगेत बसली. शेजारी तिसरीतली राणी पवार. यशोधरेचा चेहरा मला अजून दिसतो. पाठ ताठ, डोळे मोठे, दोन्ही बाजूंना आपल्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागतोय याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. राणीनं भाकरीचा तुकडा मोडला, लाल चटणीत बुडवला आणि तिच्यापुढं धरला.

"मला चालत नाही," यशोधरा म्हणाली.

"लसनाची हाय गं. आन् बाईंनी सांगितलंय, न्हाई म्हनायचं न्हाई."

दाणे दिसले असते तर त्या पोरीनं तो घास घेतलाच नसता, एवढी ती शहाणी होती. पण तिखट-लसूण घालून कुटलेल्या लाल चटणीत दाणे कुठले दिसायला? हे सगळं मला नंतर राणीनं रडत रडत सांगितलं. त्या वेळी मी वर्गात बसून पोषण आहाराचा तक्ता भरत होते.

"बाई!" गजराबाईंची हाक ऐकू आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

मी धावले. यशोधरेचे ओठ सुजून वर आले होते. गळ्यावर, हातांवर लाल गांधी. ती खोकत होती आणि प्रत्येक श्वासाला घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. रडतही नव्हती. श्वास घेण्यातच तिची सगळी ताकद चालली होती.

गजराबाई खुंटीवरून डबा काढून आल्यासुद्धा होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "टोचा बाई."

मी कुपी हातात धरली. मला सगळं पाठ होतं. एक, दोन, तीन, चार, सगळ्या पायऱ्या. पण हात असे लटलट कापायला लागले की कुपी निसटली आणि फरशीवर फुटली.

"सरका," गजराबाई म्हणाल्या.

दुसरी कुपी त्यांनी पदरात धरून कट्कन मोडली. सुईत औषध ओढलं, लाल रेघेला आणून थांबवलं, उजेडाकडं धरून पाहिलं. यशोधरेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "यशू, माज्याकडं बग. मुंगी चावनार हाय, एवडीशी." आणि फ्रॉक वर सारून मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचली. एक, दोन, तीन... त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी शेजारी गुडघ्यांवर बसून त्यांच्याबरोबर मोजत होते, आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"आता बसून काय राहिलाय? दुदाचा टेम्पो जाईल, त्यो आडवा!"

मी अनवाणी रस्त्यावर धावले आणि टेम्पोपुढं हात पसरून उभी राहिले. चौथीतल्या मुलींवर शाळा सोपवून आम्ही निघालो. आठ किलोमीटर. कॅनमधलं दूध हिंदकळत होतं, गजराबाई यशोधरेला छातीशी धरून तिच्या कानाशी काहीबाही बोलत होत्या आणि मी प्रत्येक वळणावर तिची शिट्टी ऐकत होते. सहाव्या किलोमीटरला ती शिट्टी जरा खाली आली. मला वाटलं भास आहे. गजराबाईंनी मान हलवली. भास नव्हता.

करुणा दवाखान्याच्या दारातच होती; टेम्पोतून मी तिला फोन केला होता. लेकीला पाहिल्यावर ती क्षणभर आई झाली आणि लगेच पुन्हा नर्स. डॉक्टर, सलाईन, ऑक्सिजन. तासाभरानं ती बाहेर आली, भिंतीला टेकली.

"ठीक आहे. आज इथंच ठेवू. इंजेक्शन कुणी दिलं?"

मी गजराबाईंकडं बोट केलं.

"अगदी बरोबर जागी दिलंय हो. अगदी बरोबर."

"लई वांगी खर्ची पडली त्यात," गजराबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. गजराबाईंच्या पाया पडावं असं मला वाटलं. वाटलं ते केलं असतं तर त्यांनी मला फटका मारला असता, म्हणून केलं नाही.

भिवाआबा कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले. नातीला काचेतून पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मी त्यांच्यापुढं उभी राहिले.

"आबा, चूक माझी आहे. डब्यातला घास द्या, असं मीच मुलांना सांगितलं. गजराबाई आधी डब्यांचं बघा म्हणत होत्या, मी ऐकलं नाही."

आबा खाली बघत राहिले. "तुमी काय करनार बाई? हट्ट माजा हुता. माज्या हट्टापायी पोर..."

"हट्ट बराबर हुता," गजराबाई म्हणाल्या.

आबांनी मान वर केली.

"तुजा हट्ट बराबर हुता, भिवा. चार म्हैनं पोरगी एकटी जेवत हुती, मी रोज बगत हुते. घास तोंडात घालायच्या आदी रांगंकडं बगायची. मला कळत हुतं. पन मी म्हटलं, जीव राहिला म्हंजी झालं." त्या थांबल्या. "तू पायरीवर येऊन थांबलास, तवा तू काय बगितलंस त्येबी मला कळलं. माजी पळी वर हुती."

"तुला ध्यानात हाय?" आबांनी विचारलं. मला काही कळेना. मी एकदा यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहत राहिले.

"न ऱ्हायला काय झालं? ह्याच शाळंत, दुसरीत हुतो आपन. गुरुजींनी तांब्या माज्याकडं दिल्याला. तुमी चौगं आंब्याखाली वंजळ धरून बसायचा, आन् मी वरनं पानी वतायची. एवड्या वरनं. धार तुमच्या तोंडावर पडायची, नाकात जायाची. पोरं हसायची. मीबी हसायची."

भिवाआबांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे टेकले.

"एक दिस तू वंजळ मोडून उटलास," गजराबाई म्हणाल्या. "परत शाळंत पानी प्याला न्हाईस. दोन वर्सं."

"तीन," भिवाआबा म्हणाले.

गजराबाईंनी डोळ्याला पदर लावला. आबांनी त्यांना रडू दिलं. समजूत काढली नाही आणि रागानं उठूनही गेले नाहीत. त्यांच्या त्या बसून राहण्याचं मोल मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. मग ते म्हणाले, "पोरगी रांगंत बसली पायजे. आन् जगलीबी पायजे. मला दोन्ही पायजे."

"मग दोन्ही करू," गजराबाई म्हणाल्या. "आपन पोरीला येगळं बसवलं, तितंच चुकलं. येगळं बसवायचं त्ये दान्याला."

त्या एका वाक्यात जे होतं, ते माझ्या सगळ्या भाषणात नव्हतं.

शनिवार-रविवार दोघं मिळून गावात घरोघर फिरले. मागून मी. शाळेला आलेलं सुगीचं पोतं गजराबाईंनी ज्याचं त्याला परत नेऊन दिलं. पोतं देणारे रंगराव भडकले. "एका पोरीपायी आक्ख्या गावानं चटनी सोडायची?"

"आक्ख्या गावानं न्हाई. पोरांनी, आन् तीबी दुपारच्या जेवनापुरती. रंगराव, तुमच्या नातवाला दमा हाय. धुरानं त्येला ढास लागती म्हनून शाळंतली चूल बंद करून ग्यास आनला. गावानं वर्गणी काडली. तवा कुनी इचारलं का, एका पोरापायी कशाला म्हनून?"

रंगरावांनी पोतं उचलून आत नेलं. "इचारलं न्हाई खरं," ते आतून म्हणाले.

बुधवारी यशोधरा शाळेत येणार होती. मी आठ वाजता पोचले, तर फाटकाशी भिवाआबा आधीच हजर. पाण्यानं भरलेलं पिंप, साबणाची वडी, हातात तांब्या. शाळेच्या नळाला तेव्हा दिवसाआड पाणी यायचं. शेजारी गजराबाई डबे हुंगायला बसल्या होत्या. बंद डब्यात दाणा आहे की नाही, हे त्या वासावरून सांगायच्या, आणि एकदाही चुकल्या नाहीत.

सुगीचे दिवस. पोरांच्या खिशांतून पसापसा शेंगा निघाल्या. खिसे उलटे करायचे, शेंगा टोपलीत टाकायच्या, घरी जाताना परत न्यायच्या. मग आबांसमोर हात धरायचे. आबा पाणी घालायचे, मुलं साबण लावायची, आबा पुन्हा पाणी घालायचे. पाटलांची पोरं, पवारांची, जगदाळ्यांची, धनगरवाड्यावरची, आबांच्या वस्तीतली. आबा प्रत्येकासाठी वाकत होते. चाळीस वेळा वाकले. मी म्हटलं, "आबा, मी घालते थोडा वेळ." तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. मला घालू द्या."

राणी पवार फाटकाबाहेरच उभी होती, रडून डोळे सुजवून. आत यायची छाती होत नव्हती. यशोधरेनं तिला पाहिलं. गेली, तिचा हात धरला आणि आजोबांसमोर आणून उभी केली.

"आबा, हिच्या हातावर घाला. ही माझ्याशेजारी बसते."

आबांनी राणीच्या हातांवर पाणी घातलं. स्वतः साबण चोळून दिला.

घंटा व्हायला आली. मुलं आत गेली. मीही हात धुतले. गजराबाई पदर खोचून स्वयंपाकघराकडं निघाल्या आणि चार पावलांवर थांबल्या. परत आल्या, भिवाआबांसमोर वाकल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"माज्याबी हातावर घाल, भिवा. सकाळी घरात दानं भाजल्यात."

आबांनी तांब्या पिंपात बुडवून भरला. वर उचलला. त्या ओंजळीकडं पाहत एक क्षण तसाच वर धरून ठेवला. मला वाटलं, आता ओततील.

त्यांनी तांब्या खाली आणला. इतका खाली, की त्याचा काठ गजराबाईंच्या बोटांना टेकला. मग हळूच कलता केला.

"नीट धू, गजरा," ते म्हणाले. "पोरगी आज रांगंत जेवनार हाय."